ओल्या जमिनीवर मागचं पाऊल

“मावशी, मागे या,” कर्णिकसाहेब म्हणाले.

मी जागची हलले नाही. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटला. गाणं आपलं पुढे चाललं होतं आणि आम्ही दोघं हॉलच्या मधोमध झुंजीतल्या बैलांसारखे उभे.

“मागे या हो. उजवा पाय मागे.”

“तुम्हीच थांबा की जरा. किती पुढे पुढे करता?”

खुर्चीवर बसलेल्या कर्णिकबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. “अहो, बाजारात तुम्ही त्यांना कधी मागे सरकवलंत का? मग इथे कशा सरकतील?”

बाई बोलल्या ते बरोबर होतं. मी मासे विकते. चारकोपजवळच्या मार्केटात माझा ओटा आहे. ओटा म्हणजे सिमेंटचा कट्टा. त्यावर माल मांडायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं. सासूने दिला तेव्हापासून मी तिथेच. कर्णिकसाहेब माझं जुनं गिऱ्हाईक, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. सुरमईचे कल्ले दहादा उघडून बघणार आणि म्हणणार, “मावशी, शिळी वाटते.” एकदा मी म्हटलं, “शिळे तर तुम्हीपण वाटता साहेब, बाई घरात घेतातच ना?” तेव्हापासून ते दुसरीकडे गेले नाहीत.

आता अशी बाई नाचाच्या क्लासात काय करत होती, ते सांगते.

आमच्या धंद्यात पाय रोवून उभं राहावं लागतं. पहाटे बंदरावर लिलाव होतो. मालाच्या ढिगाभोवती बायका खांद्याला खांदा लावून उभ्या. धक्का बसला म्हणून जी मागे सरली, तिच्या जागी दुसरी घुसली आणि माल गेला. मार्केटातही तसंच. तुम्ही इंचभर मागे झालात की शेजारणीचं टोपलं इंचभर आत येतं. ती वाईट नसते, टोपलं असंच येतं. मला हे सासूने शिकवलं नाही, टोपल्यांनी शिकवलं.

उन्हाळ्यात एक हमाल बर्फाचा खोका घेऊन “बाजू, बाजू” ओरडत आला. बाकीच्या बायका मागे झाल्या. मी झाले नाही. खोक्याचा कोपरा लागला, पायाखाली बर्फाचं पाणी, आणि मी आडवी. खुब्याचं हाड मोडलं. आत रॉड घातला.

हाड जुळलं. पाय जुळला नाही. घरात भिंत धरून चालायची, भिंत संपली की थांबायची. डॉक्टर म्हणाले, “ओल्या जमिनीवर जाऊ नका.” मी म्हटलं, “डॉक्टर, मासे कोरड्या जमिनीवर कोण विकतं?”

माझी शेजारीण यमुना घरी आली. साखर-केळी घेऊन आली, पण सांगायचं ते सांगितलंच. “चंदा, नारळी पौर्णिमेपर्यंत तुझी जागा धरते. तुझ्या ओट्यावर माझं टोपलं पालथं घालून ठेवलंय. मग होड्या बाहेर पडतील, माल येईल, मलाच जागा पुरणार नाही. तेव्हा रागवू नकोस गो.”

मी रागावले नाही. तिच्या जागी मी असते तर नारळी पौर्णिमेपर्यंतसुद्धा थांबले नसते.

पण झोप गेली. त्या ओट्याशिवाय मी कोण? सून कल्पना ऑफिसात जाते, मुलगा शिफ्टला. घरात बसून मी टीव्हीवर दुसऱ्यांच्या घरातली भांडणं बघायची का?

मेंडिस सर आमच्या गल्लीच्या तोंडाला राहतात. दर शुक्रवारी माझ्याकडून बोंबील नेतात. जोडीचा नाच शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता चारकोपच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा क्लास घेतात. मला बघायला आले आणि मी भिंत धरून पाणी आणायला कशी गेले ते बघत बसले.

“चंदाबाई, तू क्लासला ये.”

“सर, या वयात नाच? लोक काय म्हणतील?”

“तुला मार्केटात परत जायचंय की नाही?”

“जायचंय.”

“मग लोकांना सोड. नाच म्हणजे चालणंच गं, फक्त दुसऱ्याबरोबर.”

कल्पना आतून ओरडली, “आई, जा. मी रिक्षाने सोडते.”

तर अशी गेले. कर्णिकसाहेबांना डॉक्टरांनी शुगरसाठी पाठवलं होतं. बाईंचे गुडघे गेलेले, म्हणून साहेबांना जोडीदार नव्हता. सरांनी आमची गाठ घातली. साहेबांचा चेहरा सुरमईचा भाव ऐकल्यासारखा झाला.

सरांनी पहिल्या दिवशी बॉक्स स्टेप दाखवली. पायांनी जमिनीवर एक चौकोन काढायचा. पुरुष पुढे येतो, बाई मागे जाते, मग दोघं बाजूला, मग पाय जुळवायचे. त्यानंतर उलटं, बाई पुढे आणि पुरुष मागे. जो आधी पुढे निघतो तो लीड. दुसऱ्याने त्याच्याबरोबर जायचं. इतर बायकांच्या साड्या पायात येत होत्या. माझं लुगडं काष्ट्याचं, पाय मोकळे. सर म्हणाले, “ड्रेस फर्स्ट क्लास.” पाठही ताठ, कारण डोक्यावर पाटी वाहिलेली. फक्त मागे जाणं येत नव्हतं. सर हात धरून बघत होते, साहेब विनवत होते, माझा पाय उचलतच नव्हता. त्यात मागे काय आहे ते दिसत नाही. दिसत नाही तिथे मी रॉडचा पाय कसा टाकू?

दुसऱ्या आठवड्यात सरांनी गाणं बंद केलं.

“चंदाबाई, पडलीस कशी ते सांग.”

मी हमालाचं सांगितलं.

“म्हणजे मागे झाली असतीस तर पडली नसतीस.”

“सर, मागे झाले असते तर जागा गेली असती.”

“तेवढ्यात?”

मी मनात हिशोब केला. तेवढ्यात कुठली जागा जायला?

“ठीक आहे. आज लीड तू कर. ह्यांना मागे ने.”

हे मला जमलं. साहेबांना मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेलं. कर्णिकबाई टाळ्या वाजवायला लागल्या. साहेब मात्र आरामात मागे जात होते. अडखळले नाहीत, वळून बघितलं नाही.

“तुम्हाला भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“कसली? तुम्ही धरलं होतं ना. आणि पुढचं तुम्हाला दिसत होतंच.”

ज्या माणसाने माझ्या सुरमईवर कधी विश्वास ठेवला नाही, त्याने हे सांगितलं.

मग सरांनी पायाचं दाखवलं. मागे जाताना टाच आधी टेकवायची नाही. आधी अंगठा टेकव. जमीन कशी आहे ते अंगठ्याला कळू दे. मग तळवा, मग टाच, आणि अंगाचं वजन सगळ्यात शेवटी. मला एकदम खाडी आठवली. लहानपणी आम्ही कालवं काढायला चिखलात उतरायचो तेव्हा असाच अंगठा आधी टाकायचो. चिखल आत घेतोय की धरतोय ते बघूनच वजन द्यायचं. हे मला येत होतं, मार्केटात उभी राहून राहून विसरले होते.

“या मावशी,” साहेब म्हणाले. “मागे खुर्ची नाही, भिंत नाही. मी बघतोय.”

मी उजवा पाय मागे नेला. अंगठा टेकवला. जमीन होती. वजन दिलं. बाजूला गेले, पाय जुळवले. मग माझी पुढे यायची पाळी आली आणि चौकोन संपला तेव्हा मी जिथे होते तिथेच उभी होते. फरशीवर एक काळा डाग होता, तोच माझ्या पायाशी.

“सर,” मी म्हटलं, “ही स्टेप तर जागेवरच आणते.”

“मग? मी कुठे नेत होतो तुला?”

त्या दिवसापासून कल्पना ऑफिसातून आली की आम्ही मोरीसमोर फरशीवर पाणी ओतायचो आणि चौकोन काढायचो. बिचारी दमलेली असायची. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मी. एकदा पाय सरकला. तिने कप सोडला, मला नाही सोडलं. तो कप मला आवडायचा, पण मी बोलले नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या आणि मी मार्केटात गेले. यमुनाने टोपलं उचललं. “आलीस? मला वाटलं आता तू मडमेसारखी नाचतच बसणार.”

“नाचूनच आले,” मी म्हटलं.

माल मांडत होते तोच डावीकडून “बाजू, बाजू!” तोच हमाल, तसाच खोका. खालची जमीन बर्फाच्या पाण्याने चकचकीत. माझे पाय आधी रोवले गेले, सवयीने. मग मी उजवा पाय मागे नेला. अंगठा, तळवा, टाच. खोका माझ्या पोटासमोरून गेला. हमाल थांबून बघायला लागला. “मावशी, तू आणि बाजूला?”

तेवढ्यात यमुनाचं टोपलं आत आलंच. मी पाय पुढे टाकला आणि गुडघ्याने ते परत तिच्याकडे सरकवलं. ती हसली, मीपण हसले.

कर्णिकसाहेब आणि बाई रविवारी आले. साहेबांनी सुरमईचे कल्ले उघडले.

“शिळी वाटते.”

“साहेब, घ्यायची तर घ्या.”

“मावशी, भावात जरा मागे या ना. आता तर शिकलात.”

“हॉलमध्ये लीड तुमची,” मी म्हटलं. “इथे माझी.”

त्यांनी मी सांगितला तो भाव दिला. मी कर्णिकबाईंच्या पिशवीत ओंजळभर मांदेली वरून टाकली. बाई नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. मेंडिस सरांचे बोंबील आता दर शुक्रवारी मी निवडून बाजूला ठेवते, ते यायच्या आधी कुणाला हात लावू देत नाही. कल्पनाला नवीन कप आणला.

ओल्या जमिनीवर काम करणाऱ्या बायकांना मी आता एवढंच सांगते. मागे व्हावं लागलं तर व्हा. अंगठा आधी, वजन शेवटी. आणि लगेच परत पुढे या, कारण टोपलं थांबत नाही.