आधी विहिरी, मग खदान

जमिनीवर चालताना पायाखाली किती हातांवर पाणी असेल, या चिंतेने ज्यांचा जीव थाऱ्यावर नसतो असे सबंध दुर्ग जिल्ह्यात एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे मावसाजी. सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या पंपहाऊसमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर सेक्टर सहाचं क्वार्टर सोडून पद्मनाभपुरात घर बांधलं, पण कान पंपाकडेच राहिले. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी परसात जाऊन बोअरची मोटर ऐकून येतात. "हवा ओढून राहिली. यंदा जाते तुमची बोअर," असं शुभवर्तमान सांगितल्यावरच वरणभात कालवतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते कार्यालयाच्या टाकीवर चढलेले होते. मावशी म्हणते, "हा माणूस खुर्चीवर बसला, तर खुर्चीलेच नवल वाटते."

अशा माणसाच्या जावयाने बजरीची, म्हणजे बारीक खडीची, खदान काढायचं ठरवलं. शिवनाथ नदीपलीकडच्या एका खेड्यात त्याने जमीन घेतली होती. वरच्या मातीखाली नदीने कधीकाळी टाकलेले गोटे नि बजरी. मोठ्या हौसेने तो नकाशा घेऊन आला. पंचवीस हात खोल खणायचं, बजरी तिथेच धुवायची, सगळं ठरलेलं. मावसाजींनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"जावईबापू, याच्यात विहिरी कुठं हायेत?"

"विहिरी गावात आहेत, मामाजी. आपली खदान शेतात आहे."

"पाण्याले तुमचं कुंपण दिसते काय?"

दुसऱ्या दिवसापासून मावसाजी स्कूटरवर दोरी टाकून त्या गावी जाऊ लागले. दोरीला हाताहातावर गाठी, टोकाला वजन. एकेक विहीर मोजायची, मागल्या उन्हाळ्यात पाणी कुठवर होतं ते घरोघर विचारायचं. लोकांना वाटलं, सरकारी साहेब आला. तिघांनी रेशनकार्डाचे अर्ज हातात दिले. मावसाजींनी त्या अर्जांच्या पाठीवर विहिरींची मापं लिहिली, आणि मग मन खाऊ लागलं म्हणून ते अर्ज स्वतः कचेरीत नेऊन दिले.

मापं सांगत होती, पाणी चौदा हातांवर आहे. त्याखाली खणलं की खड्ड्यात पाणी येणार, ते उपसलं की विहिरी उतरणार.

"मामाजी, तुमी तर माहं कामच बंद पाडून राहिले," जावई चिडला. मुलगी फोनवर रडली. मावसाजी दोन दिवस घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, "एक खड्डा खोल खणून पाहा. पंप लावा. मी विहिरीवर थांबतो."

खड्डा झाला आणि एका सकाळी पंप सुरू झाला. सर्वांत जवळची विहीर एका एकट्या म्हातारीची. तिच्यावर तिची वांगी नि टमाटे. मी सोबत होतो. मावसाजी विहिरीला प्रदक्षिणा घालत, दर पंधरा मिनिटांनी दोरी सोडत. दुपारपर्यंत पाणी दोन हात खाली गेलं. म्हातारीने वाकून पाहिलं आणि मावसाजींची बाही घट्ट धरली. "पानी उतरगे, बाबू!"

दोन महिने हा माणूस हेच सांगत फिरत होता. आता ते खरं ठरलं, तर त्यालाच ते पाहवेना. बाही सोडवून ते बांधावरून पळत सुटले, एक चप्पल चिखलात राहिली, आणि त्यांनी स्वतःच पंप बंद केला. त्यांच्याबरोबर जावई विहिरीपाशी आला आणि त्याने वाकून आत पाहिलं.

"कुठं थांबायचं, मामाजी?"

"पाण्याच्या दोन हात वर. अन् धुतलेलं गढूळ पाणी नाल्यात नाही सोडायचं. तीन टाके करा, एकातून दुसऱ्यात नितरू द्या, तेच पुन्हा वापरा."

खदान निम्मीच झाली. विहीर चौथ्या दिवशी भरली. तोवर मावसाजी रोज तिथे जात होते.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फिरणं बंद केलं. आता रविवारी जावई स्वतः माप घेऊन फोनवर सांगतो आणि मावसाजी त्याला परत मोजायला लावतात. परवा मी गेलो, तेव्हा फोन ठेवून ते हळूच म्हणाले, "एकदा मले घेऊन चाल ना तिकडं. गाडीतून उतरत नाही. फक्त पाहीन."

"पुढच्या रविवारी नक्की, मावसाजी."

हे मी मागेही म्हणालो होतो. त्यांना ते आठवत असणारच. तरी त्यांनी मान डोलावली आणि मावशीला चहा टाकायला सांगितला.