अर्जुनाखालचा दगड

बाबांच्या नावाचा दगड रानात बसवायचा, ही कल्पना माझीच. रायपूरच्या बाहेर वनखात्याने राखलेलं रान आहे. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून बाबा दर रविवारी तिथे जात, तलावाकाठी अर्जुनाच्या झाडाखाली बसून पक्षी पाहत आणि तिथल्या चौकीदाराच्या डब्यातली बासी खात. रात्रभर पाण्यात ठेवलेला तो भात घरी वाढला असता तर ताट सरकवलं असतं, असं आई म्हणायची. चौकीदाराच्या गोष्टी बाबा जेवताना सांगत. मी मोबाइलमध्ये बघत नुसतं 'हं' म्हणत असे.

बाबा गेल्यावर मात्र माझं प्रेम उतू गेलं. वनखात्याच्या साहेबांच्या मागे लागून परवानगी मिळवली. लहानसा ठेवा, रानात भपका नको, असं त्यांनी बजावलं होतं. मी काळा चकचकीत ग्रॅनाइट घेतला. शहरातल्या तात्यापारा वस्तीतल्या कारागिराकडून त्यावर बाबांचं नाव कोरून घेतलं आणि खाली माझं, पदव्यांसकट. बाबांना एक ओळ पुरली, मला दोन लागल्या. आपलीच टिमकी वाजवायची इतकी सवय, की ते खटकलंसुद्धा नाही.

बसवायच्या दिवशी आईला गेटजवळच्या बाकावर बसवून मी टेम्पोबरोबर पुढे गेले. अर्जुनाखाली नेमक्या जागी एक ओबडधोबड दगड उभा पुरलेला होता, त्याला हळद लागलेली. कुणीतरी देव मांडून जागा अडवली, असं मला वाटलं.

"भैया, इसको हटाओ," मी चौकीदाराला म्हटलं.

 तो "हव दीदी" म्हणाला, पहार आणली आणि स्वतःच तो दगड उपटला. दोन्ही हातांनी उचलून आपल्या खोलीकडे घेऊन गेला. इतकं जपून का नेतोय, हे विचारायचं मला सुचलं नाही. सिमेंट कमी पडतंय म्हणून मी कुरकुरत होते.

सगळं झाल्यावर आई काठी टेकत आली. ग्रॅनाइटकडे तिने पाहिलंच नाही.

"इथचा दगड कुठी गेला?"

"काढला. कोणीतरी देव मांडून ठेवला होता."

"देव नाही व. तुह्या बाबाचा दगड होता तो. दहाव्याले चौकीदारानं गाडला, त्याच्या घरच्या माणसाच्या नावानं गाडतेत तसा. मले घरी येऊन सांगून गेला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो घरी आला त्या दिवशी दार मीच उघडलं होतं. चपला बाहेर काढ, एवढंच बोलून आत निघून गेले होते.

मी धावत त्याच्या खोलीकडे गेले. अंगणात त्याच्या वडिलांचा दगड होता, त्याच्या शेजारी तो आमचा दगड पुरत होता.

"आपने बताया क्यों नहीं?"

"बेटी त तुमन हव दीदी," तो म्हणाला. "मैं का कहतेंव?"

मुलगी तुम्ही, मी काय बोलणार, या त्याच्या म्हणण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. दगड परत झाडाखाली लावू या, असं मी म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "अब इहें रहन दव."

आता रविवारी मी आईला तिथे घेऊन जाते. ती सरळ त्याच्या अंगणात जाते आणि त्याच्या बायकोच्या हातची बासी खाते. मी तलावाकाठी ग्रॅनाइटवरची पाखरांची शीट ओल्या फडक्याने पुसते. माझ्या दोन ओळींना जास्त वेळ लागतो. अंगणातून त्यांचं बोलणं ऐकू येतं, मधूनच बाबांचा विषय निघतो. मला कुणी बोलावत नाही, आणि आपणहून जायला तोंड नाही.