पल्याड कोण उतरलं?

भुतंखेतं, अंगात येणं, बाहेरचं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. भीती हा तर माझ्या अभ्यासाचाच विषय! त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत रिसर्च करत होते – अपघातानंतर मनात बसलेली भीती कशी घालवायची, यावर. त्यासाठी शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याला जायचे. तिथली कौसाबाई भीमेत नाव उलटली तेव्हा बुडता बुडता वाचली होती. तिची जाऊ मात्र गेली. तेव्हापासून कौसाबाई नदीकडे फिरकत नव्हती, पुलावरूनसुद्धा जाईना. आणि माहेर समोरच, पलीकडच्या काठाला, दौंड तालुक्यात. आई अंथरुणाला खिळलेली.

मी तिला श्वास संथ करायला शिकवलं. मग हळूहळू नदीची वाट, काठ, बांधून ठेवलेली नाव... सगळा हिवाळा त्यात गेला. शेवटची पायरी – माझ्याशिवाय पलीकडे जाणं.

त्या सकाळी ती नावेत बसली खरी, पण ओठ पांढरे पडलेले.

"बाई, तुमी चला की वो संगं."

"नाही कौसाबाई. तुम्हाला जमणार आहे."

नाव निघाली. मी काठावरच उभी. मध्यावर वाऱ्यानं नाव हेलकावली, तसे माझे डोळे गच्च मिटले. मी नुसती पुटपुटत राहिले – सोडा श्वास, सावकाश सोडा... डोळे उघडले तर कौसाबाई पलीकडे उतरून चालायला लागली होती! मला रडूच फुटलं.

नावाडी मामा रिकामी नाव घेऊन परत आले आणि मला बघून जागच्या जागी थबकले.

"बाई... तुमी हितं कशा? आत्ता पल्याड उतरला न्हवं, तिच्या मागनं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

दोन दिवसांनी कौसाबाई त्याच नावेतून हसत परतली. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "नाव हालली तवा पाठीवर हात ठिवलात, म्हून निभावलं बगा. सारखं 'सोडा श्वास' म्हनत व्हता. आन् आईला न भेटताच कुठं गेलात?"

"कौसाबाई, मी आलेच नव्हते."

"न्हाई कसं? म्या तुमचा हात वळखत न्हाई व्हय?"

तिचा भास म्हणावा, तर मामांचं काय? मी खूप डोकं चालवलं. कौसाबाई मात्र आईच्या शेवटापर्यंत नावेनंच येत-जात राहिली.

पेशंटनं एकटीनं नदी ओलांडली, असं मी रिपोर्टात लिहिलं. ते खरं होतं की नाही... मला आजही सांगता येत नाही.