साइटचं नाव सांगायचं कोणी

वच्छलाच्या हाताखालून बी वाया जात नसे आणि माणूस सुटत नसे. आंजी मोठी गावात, आर्वीच्या रस्त्याला लागून तिची रोपवाटिका. हिरव्या शेडनेटखाली टमाटे, वांगी, फुलकोबी, मिरची. एकेक ट्रे एकशे चार खाचांचा, प्रत्येक खाचेत एक बी, आणि ते किती खोल दाबायचं हे तिच्या बोटालाच ठाऊक. नवरा चंद्रभान बाहेरचा कारभार पाहायचा. म्हणजे पानठेल्यावर बसायचा. पण सातबारा त्याच्या नावावर, विजेचं मीटर त्याच्या नावावर, रस्त्यावरची पाटी त्याच्या नावाची. रोपं तेवढी तिची, आणि रोपांवर नाव लिहिता येत नाही. वच्छला यावरून कधी भांडली नाही. भांडण तिला फार उघडंवाघडं वाटे.

सून रोशनी वर्ध्याला कॉलेज शिकलेली. तिनं रोपवाटिकेची साइट बनवली. सुरुवातीला पत्ता फुकटचा होता, त्यात पुढं एवढंसं नाव आणि मागं कंपनीचं लांबलचक शेपूट. गिऱ्हाइकांना वाटे, कुठल्याशा कंपनीचीच नर्सरी आहे. तेव्हा आपलं स्वतःचं नाव विकत घ्यायचं ठरलं.

"काय नाव घेऊ बाबा?" रोशनीनं जेवताना विचारलं.

"चंद्रभान नर्सरी डॉट इन," ताटातून मान वर न करता चंद्रभान म्हणाला. "अजून काय असते?"

रोशनीनं सासूकडे पाहिलं. ट्रेमध्ये पहिलं बी पडल्यापासून रोपवाटिका खरी कोणाची, हे तिला ऐकून माहीत होतं.

"होऊ दे त्यायच्या मनासारखं," वच्छला म्हणाली आणि तिनं त्याला न मागता दुसरी भाकर वाढली.

रोशनी या घरात दोन वर्षं होती. सासू इतक्या लवकर हो म्हणते तेव्हा काहीतरी घडणार असतं, एवढं ती शिकली होती.

नाव एका दुकानातून घ्यायचं, साइट राहते दुसरीकडेच, आणि नावाला सांगून ठेवायचं की कोणी तुला विचारलं तर अमुक आकड्याच्या घराकडे पाठव. रोशनीनं ते आकडे भरले, दोन दिवसांत नाव साइटला जोडलं गेलं. रस्त्यावरच्या पाटीवर फोन नंबर मात्र वच्छलाचा, कारण कोणता ट्रे कधी तयार होईल हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नव्हतं.

पोळा झाला आणि फोन सुरू झाले. पहिला सेलूचा.

"मावशी, साइटचं नाव सांगा नं. फोटो पाहतो रोपाचे."

"मी नाई सांगू शकत भाऊ."

"काऊन?"

"मालकाचं नाव हाय त्याच्यात. चाळीस वर्षांत तोंडातून काढलं नाई."

"मंग उखाण्यात घ्या."

"उखाण्यात डॉट इन कसं बसवू? थांबा, त्यायलेच बलावतो." आणि बांधावर उभं राहून तिनं हाक दिली, "अहोऽऽ! फोन!"

चंद्रभान पानठेल्यावरून आला. छाती काढून फोनमध्ये म्हणाला, "चंद्रभान नर्सरी डॉट इन." आणि परत गेला. पहिले चार दिवस त्याला यात मौज वाटली. स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारायची संधी माणसाला सहसा तलाठ्यापुढेच मिळते. पण पाचव्या दिवशी अकरा वेळा बोलावणं आलं. चुना लावला की हाक. सुपारी तोंडात टाकली की हाक.

"जा गा चंद्रभान," वासुदेवराव म्हणाले. ठेल्यावरचं बाकडं त्यांचंच समजलं जाई. "तुह्यं नाव तुले बलावून राह्यलं."

घरी येऊन तो वैतागला. "घेऊन टाक नं एकडाव! कोण ऐकून राह्यलं?"

"मले काय, घेतो," वच्छला शांतपणे बी दाबत म्हणाली. "पण नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. दिवसातून अकरा डाव घेऊ का? तुमीच सांगा."

चंद्रभान बीपीची गोळी खाणारा माणूस. तो गोळीचं पाकीट शोधायला उठला. सहाव्या दिवशी चौदा फोन आले. सातव्या दिवशी त्यानं रोशनीला गाठलं.

"बदलव ते नाव."

"दुसरं काय ठेवू बाबा?"

"काईबी ठेव. इले बोलता आलं पायजे, बस."

वच्छलानं ट्रे झटकला. "मले तर एकच नाव बिनधास्त घेता येते," ती म्हणाली.

असं 'वच्छलाची रोपं डॉट कॉम' विकत घेतलं गेलं. पुन्हा आकडे, पुन्हा वाट पाहणं. मुलाच्या, धीरजच्या मोबाइलवर साइट लगेच उघडली, चंद्रभानच्या मोबाइलवर उघडेना. तो मनातून खूष झाला. ठेल्यावर सांगून आला की बायकोचं नाव काही चालून नाही राह्यलं.

"खबर पोचायले टाइम लागते बाबा," रोशनी म्हणाली. "दोन दिवस धरा." मग सासूला विचारलं, "आई, जुनं नाव बंद करू? जाहिरातीच्या पाँप्लेटवर तेच छापलं हाय."

"छे वं. त्यायचं नाव कशाले बंद करतं? राहू दे. कोणी ते टाकलं का इकडं येऊ दे, म्हणजे झालं."

रोशनी हसू दाबत लॅपटॉपकडे वळली.

तिसऱ्या दिवशी चंद्रभाननं आपलं नाव अजून जिवंत आहे हे दाखवायला ठेल्यावर मोबाइल काढला. वासुदेवरावांच्या समोर एकेक अक्षर टाकलं. साइट उघडली. वर, नावाच्या जागी, ठसठशीत वच्छला.

"अरे!" वासुदेवराव म्हणाले. "तुले हाक मारली अन् वहिनी आल्या!"

"घरीबी तसंच हाय त्याचं," पानवाला बोलला. ठेला हसला. हसणं ओसरल्यावर चंद्रभानला एकदम एकटं वाटलं, आरशासमोर उभं राहावं आणि आरशात दुसऱ्याच कोणी केस विंचरत असावं, तसं.

तो तरातरा शेडनेटमध्ये आला. "हे काऊन केलं तू? माह्यं नाव टाकलं का तुह्यं येते!"

"मंग खोटं काय हाय त्याच्यात?" रोपांना पाणी देता देता ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं घाईनं पाइप खाली टाकला आणि दोन्ही हात कोकोपीटमध्ये, नारळाच्या भुशात, कोपरापर्यंत खुपसले. "घ्या नं जरा. माह्ये हात भरले."

फोन आष्टीचा होता. "काका, फुलकोबीची रोपं पायजे होती. साइटचं नाव काय तुमच्या?"

चंद्रभाननं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. अवं. ऐकतं काय. धीरजची माय. चाळीस वर्षांत एवढ्यावरच त्याचं भागलं होतं. ते नाव त्यानंही कधी तोंडातून काढलं नव्हतं. अन् आता ते काढायचं एका परक्या माणसाजवळ, तिच्यादेखत.

"व..." तो म्हणाला.

"आवाज येऊन नाई राह्यला काका."

"वच्छला." फार हळू. कानशिलं तापली. "वच्छलाची रोपं. डॉट कॉम."

"पयलं काय म्हटलं? मोठ्यानं बोला, पाण्याचा आवाज येऊन राह्यला."

वच्छलानं कोकोपीटमधून हात काढला आणि पाइपाचा कॉक बंद केला.

"बोला नं," ती म्हणाली. "लिहून घेऊन राह्यला तो."