अमोशाचा लोहार

चौसाळ्यात त्या काळी दोन लोहार होते. एक बिभीषण, तो जन्माचा लोहार. दुसरा त्रिंबक, कुणब्याच्या पोटी येऊन लोखंडाच्या नादी लागलेला. पहिल्याला बलुतं मिळायचं, दुसऱ्याला नावं ठेवली जायची. नावं ठेवणारी माणसं तशी वाईट नव्हती. माझ्या रोजच्या बैठकीतलीच होती.

निजामाचा अंमल होता. प्लेग येऊन गेला त्याला फार वर्षं झाली नव्हती. अमावस्येला औत धरायचं नाही, बैल जुंपायचे नाहीत, ही रीत. गावातले बाप्ये त्या दिवशी पारावर लवंडायचे. त्रिंबक मात्र जनावरं बाहेर बांधायचा आणि गोठ्यात भट्टी पेटवायचा. भाता त्यानं स्वतः शिवलेला, तो खोकल्यासारखा आवाज करायचा. ऐरण म्हणून आगगाडीच्या रुळाचा एक मोडका तुकडा. आता अमावस्येच्या दिवशी गोठ्यातून धूर निघाल्यावर गाव गप्प बसेल होय? कुणी म्हणे करणी करतो, कुणी म्हणे तांब्याचं सोनं करतो. शेवटी एकदा जमादार दारात येऊन उभा राहिला.

"हत्यारं बनवता म्हणे?"

त्रिंबकची बायको वत्सलाबाई चुलीपासून उठली ती पळी घेऊनच. नवऱ्यानं घडवलेली पळी. उचलायला दोन हात लागायचे, आणि ती आमटीत बुडाली की जेवणारा आधी ताट मागं ओढायचा.

"ह्येच हत्यार हाय, जमादारसाहेब. न्या बरं जप्त करून. माझे हात तरी सुटतील."

जमादारानं पळी हातात तोलली, त्रिंबककडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि निघून गेला.

बिभीषणही अमावस्येला यायचा. त्या दिवशी त्याची भट्टी बंद. लोखंडाला हात लावायचा नाही, ही त्याच्या घराची शपथ. मग हा दारात उकिडवा बसून तंबाखू मळायचा आणि नुसता बोलायचा. चारचौघांत 'तिरंबकदादा' म्हणणारा माणूस भात्यापाशी मोकळा व्हायचा.

"काढ बे, काढ! ठिणगी पांढरी फुटली. जळलं! आता सांध्यावर वाळू टाकतोस? मढ्याला पाणी पाजतोस का?"

"तू ये की मग. धर सांडस."

"आज न्हाई धरायची. तोंडाला अमोशा न्हाई."

असं हे चाललेलं. कडीचा साधा सांधा जमायला त्रिंबकला इतके दिवस लागले, की बिभीषण म्हणायचा, येवढ्यात एखादी म्हैस शिकली असती.

तोवर ही सगळी गंमत होती. मग आसाराम गेला.

आसाराम म्हणजे त्रिंबकचा धाकटा भाऊ. घरच्या विहिरीतला गाळ काढायला उतरला होता. दोर त्रिंबकनं वळलेला, आणि वरून धरलेलाही त्यानंच. निम्म्यात दोर तुटला. वरचं टोक त्रिंबकच्या हातात राहिलं. ते त्यानं किती वेळ सोडलं नाही, हे ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. मी सांगणार नाही.

त्यानंतर विहिरीत कुणी उतरेना. गाळ साचत गेला आणि वर पाऊसही रुसला. गाव गंगथडीची वाट धरू लागलं. तिकडं गोदावरीला पाणी होतं, मजुरी होती. आपल्या विहिरीला झरा आहे, फक्त गाळानं तोंड बुजलंय, हे त्रिंबकच्या डोक्यात पक्कं होतं. गाळ निघाला तर घर टिकणार, नाहीतर उठणार. पण वत्सलाबाईनं सांगून टाकलं, "दोरावर तुमी उतरायचं न्हाई. माझ्या जिवंतपणी न्हाई."

म्हणून त्यानं साखळी घडवायला घेतली. जुन्या गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा, मोडके फाळ, जे मिळेल ते तापवून एकेक कडी. एरवी दिवसभर पाण्यासाठी रानोमाळ हिंडायचं, म्हणजे हाताशी पुन्हा अमावस्याच. बिभीषण म्हणाला, "मी करून देतो, पुढच्या हाटाच्या आत."

"न्हाई. दोर माझ्या हातचा होता."

"लोखंडाला काय कळतंय कुनाचा हात?"

"मला कळतंय."

अमावस्येला साखळी हातभर वाढायची आणि पाणी दीड हात खाली जायचं. पारावर तर पैजा लागल्या. त्रिंबक साखळी सोडून बघायचा, ती वरच लोंबायची, आणि तो पुन्हा वर ओढायचा. वत्सलाबाई एकदा वैतागून म्हणाली, "अवो, कावून विहिरीला साखळी दाखवताय? बघूनच पळतीया ती."

दुसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात साखळी तळाला टेकली. तोवर तिथं पाणी उरलं नव्हतं. नुसता चिखल. बैल केव्हाच विकले होते, म्हणून उरलेसुरले बाप्ये ओढायला आले. दिवस अमावस्येचा नव्हता. बिभीषणनं पहिल्यांदा ती साखळी हातात घेतली, एकेक कडी बोटांनी चाचपत गेला. आम्ही वाट पाहत होतो, आता काहीतरी लागट बोलेल म्हणून.

"कुठं शिकलास बे?" एवढंच म्हणाला.

"एक आळशी मानूस हाय, त्याच्याकडं."

त्रिंबक फळीवर बसून उतरला. दिवस दिवस खणत राहिला. वर टोपली यायची, आधी ओल्या गाळाची, मग कोरड्या मातीची. मग एके दिवशी खालून पहार दगडावर वाजली. पुन्हा वाजली. चारी कडांना वाजली. सगळीकडं तोच आवाज, भरीव. झऱ्याचं छिद्र तर राहोच, ओलही नाही.

मग आवाज बंद झाला.

"तिरंबक!" बिभीषण ओरडला. वत्सलाबाई काठावर पालथी पडून हाका मारत होती. "अवो! अवो, बोला की!" ज्यानं त्यानं आसारामची आठवण काढून डोळे मिटले. साखळी तर ताठ होती, तुटली नव्हती. लई वेळानं खालून शांत आवाज आला.

"बिभीषण, साखळी चांगली झाली बे."

वर ओढला तेव्हा त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड निघालं. वत्सलाबाईनं ती जड पळी गाठोड्यात बांधली, मला नवल वाटलं. साखळीकडं बोट करून ती म्हणाली, "हिला घ्या संगं. विकंल तरी."

"घेऊन काय करू? तहान लागली की चाटू?"

बिभीषणनंही ती मोडून भट्टीत घातली नाही. त्याचंही बलुतं बंद होतं, फाळ झाले असते, पण मन होईना म्हणाला. काठावरच्या दगडाला टोक बांधलेली साखळी विहिरीत तशीच लोंबत राहिली.

त्रिंबक परत आला नाही. गंगथडीहून येणारे सांगत, तो रोजंदारीवर माती उपसतो, वाटेत फिरत्या लोहाराचं पाल दिसलं की लांबून वळसा घालतो. पुढं पाऊस झाले. दगडाला झरा नव्हताच, तरी वरच्या पाण्यानं विहीर दिवाळीपर्यंत भरलेली असते. बायका पोहरा सोडतात, तो साखळीवर आदळतो, आणि एखादी खट्याळ म्हणते, "सरका हो तिरंबकदादा, पाणी घेऊ द्या."

साखळी हलते, वाजते, सरकत नाही. पाण्याखाली गंजून लाल झाली आहे. कडी मात्र अजून एकही सुटलेली नाही.