चौथ्या पानावरचा वाघ

"दीदी, नंबर बघा, नाव बघू नका," अनिर्बाण म्हणाला आणि त्याने यादी माझ्याकडे सरकवली. यादीत सगळ्यात खाली रूपा मंडल होती. शुक्रवारपर्यंत मला तिच्या नावापुढे खूण करायची होती. खूण म्हणजे प्रोजेक्टमधून बाहेर. आणि रूपा कॉन्ट्रॅक्टवर होती, म्हणजे प्रोजेक्टमधून बाहेर ती थेट घरीच.

अनिर्बाण माझा बॉस. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे, त्यामुळे मला दीदी म्हणतो आणि दीदीचं ऐकत नाही.

मी कोलकात्यात आले मिस्टरांच्या बँकेतल्या बदलीमुळे. तीन वर्षांसाठी आलो होतो, त्याला आता एकोणीस झाली. ऑफिसात सुनंदाची शुनोंदा झाले, त्यालाही मी ओ द्यायला शिकले. ऑफिस सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये. साताऱ्याला गेले की आई विचारते, "तू नक्की काय करतेस गं तिथे?" मी सांगते, फोटोंना चिठ्ठ्या लावते. "आणि त्याला एमए लागतं?" असं म्हणून ती भाजी निवडायला घेते.

पण काम खरंच तेवढंच आहे. परदेशातल्या एका कंपनीचं अ‍ॅप आहे. लोक त्यावर आपापल्या छंदांचे फोटो टाकतात. चित्रं, विणकाम, केक, कुंड्या, स्वतःचे चेहरे. आमच्याकडची माणसं ते फोटो बघतात आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी लावतात. शांत, खेळकर, हळवं किंवा बोल्ड. या चिठ्ठीला आम्ही टॅग म्हणतो. असे ढीगभर फोटो बघून मग कॉम्प्युटर शिकतो. तो चुकू नये म्हणून एकच फोटो दोघांना स्वतंत्रपणे दाखवतात. टॅग जुळला की फोटो पास. नाही जुळला की तिसऱ्याकडे. कुणाचं इतरांशी किती जुळतं, त्याला अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. पत्रिका जुळवण्यासारखंच आहे, फक्त इथे नाही जुळली तर एकाच पक्षाला घरी पाठवतात.

रूपाचं बाकी सगळं जुळत होतं. शांत, खेळकर, हळवं, कुठेच अडत नव्हतं. बोल्डवर आली की गाडी रुळावरून उतरायची.

रूपा चाळिशीची. पूर्वी शिवणाचे क्लास घ्यायची. ते बंद पडल्यावर कॉम्प्युटर शिकली आणि आमच्याकडे लागली. सोनारपूरच्याही पुढून लोकलने सियालदहला यायचं, तिथून मेट्रो. मुलगी कॉलेजात, नवऱ्याचं काम कधी असतं कधी नसतं. हे सगळं मला तिने नाही, तिच्या शेजारी बसणाऱ्या पियालीने सांगितलं. रूपा स्वतः विचारल्याशिवाय बोलत नाही. विचारलं तरी मोजकंच.

बुधवारी दुपारी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तिचे न जुळलेले फोटो एकेक करून उघडले. आमचं बोलणं हिंदी, बांगला आणि इंग्रजीची भेळ होती, इथे मराठीत सांगते.

पहिला फोटो. काळा गॉगल, पोट आत ओढलेलं, मोटरसायकलवर बसलेला एक गृहस्थ. आमच्या टीमचा टॉपर सौरभ, त्याने याला बोल्ड दिलं होतं. रूपाने खेळकर.

"का गं?"

"बाईक स्टँडवर आहे, दीदी."

मी चष्मा वर करून बघितलं. खरंच होती.

दुसरा फोटो वाघाचा. जंगलात जाऊन कुणी हौशी माणसाने काढलेला. बाकी दोघांनी बोल्ड, हिने शांत.

"अगं, वाघ आहे."

"पाणी पितोय. आणि फोटो काढणारा जीपमध्ये बसलाय. कोपऱ्यात जीपचा दांडा दिसतो, बघा."

तिसऱ्यात लाल लिपस्टिक लावलेली मुलगी होती. रूपा म्हणाली, "ती लग्नाला निघालीय. लग्नाला सगळ्याच लावतात." मी तो फोटो बंद केला, कारण मी स्वतः लावते.

मग तिने ज्यांना बोल्ड दिलं होतं ते काढले. एका बाईने आयुष्यात पहिल्यांदा विणलेला स्वेटर. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपराच्या जरा खाली. तो घालून तिचा नवरा ऑफिसच्या लोकांमध्ये उभा.

"यात बोल्ड कोण? विणणारी की घालणारा?"

"दोघं," रूपा म्हणाली. तिला अजिबात हसू आलं नाही. मला आलं.

पुढचा फोटो आल्पनेचा होता. आल्पना म्हणजे इकडची रांगोळी. तांदळाचं पीठ पाण्यात पातळ कालवायचं, कापडाचा बोळा त्यात बुडवायचा आणि बोटाने जमिनीवर काढत जायचं. लाल जमिनीवर पांढऱ्या वेली. बाकी दोघांनी शांत म्हटलं होतं आणि मीही तेच म्हटलं असतं.

"खाली आधी आखलेल्या खुणा नाहीत," रूपा म्हणाली. "ओलं आहे. बोट थांबलं तर तिथे थेंब साठतो, पुसायला गेलं तर डाग पडतो. आणि बाई दारात बसून काढतेय. येणारेजाणारे बघतात."

मी ठिपक्यांच्या रांगोळीवर वाढलेली बाई. आधी ठिपके मोजायचे, मग ठिपक्याला ठिपका जोडायचा. चुकलं तर बोटाने सारखं करायचं, कुणाला कळत नाही. आमच्याकडे एकूणच तसं होतं. पाहुण्यांसमोर भाऊ बोलला की धीट आणि मी बोलले की आगाऊ. आत्या एकटी काशीला जाऊन आली तेव्हा तिला सगळे महिनाभर निगरगट्ट म्हणत होते. बोल्ड हा शब्द तेव्हा घरात आला असता तर कुणाला लावला असता, देव जाणे. बहुतेक काकांना. त्यांच्याकडे मोटरसायकल होती.

एवढं झाल्यावर खरं तर माझा प्रश्न वाढला होता. रूपाचं म्हणणं मला पटत होतं. पण ती एकटी बरोबर आणि बाकी सगळी टीम चूक, हे कसं असेल? मी सौरभकडे गेले.

"बोल्ड कसं ठरवतोस रे?"

"गाइडलाइन बघून," तो म्हणाला. आणि त्याने चटकन चौथं पान उघडलं.

गाइडलाइन म्हणजे टॅग कसा द्यायचा हे सांगणारी आमची पोथी. चौथ्या पानावर बोल्डखाली तीन फोटो होते. एक मोटरसायकल, एक वाघ, एक लाल लिपस्टिक.

"कोणी टाकले हे?"

सौरभने माझ्याकडे असं बघितलं की मला त्याची कीव आली. "दीदी, तुम्हीच."

मीच. दुर्गापूजेच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. अर्धं ऑफिस मनाने मंडपात पोचलं होतं आणि मीही साडीला मॅचिंग ब्लाउज शोधत होते. क्लाएंटकडून व्याख्या आली होती, उदाहरणं मी टाकायची होती. हाताला लागले ते तीन फोटो चिकटवले आणि निघाले.

व्याख्या मी आता पहिल्यांदा नीट वाचली. एकच ओळ होती. ज्यात करणाऱ्याने स्वतःचं काहीतरी पणाला लावलेलं दिसतं, ते बोल्ड.

सगळ्या टीमने चित्रं बघितली होती. रूपाने ती ओळ वाचली होती. बाकीचे एकमेकांशी इतके सुरेख जुळत होते, कारण ते फोटो बघून काही ठरवतच नव्हते. शुनोंदादी काय म्हणेल, एवढंच ओळखत होते. आणि ओळखायला मी फार सोपी आहे.

आता माझी खरी कुचंबणा सुरू झाली. हे बोलायचं तर बोल्डचा सगळा ढीग पुन्हा करावा लागणार. पूजेपासूनचं काम. अप्रेझल तोंडावर आलेलं. अनिर्बाण क्लाएंटला दर महिन्याला आमच्या अ‍ॅग्रीमेंटचा आलेख दाखवून मिरवत होता. आणि न बोलायचं तर शुक्रवारी रूपा घरी.

मी मधला रस्ता काढला. मधला रस्ता काढण्यात आमच्या घराण्यात कुणी माझा हात धरू शकणार नाही. गुरुवारी रूपाला कँटीनमध्ये बोलावलं, चहा घेतला आणि म्हटलं, "तुला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकते. बिलं वाचून त्यातली तारीख नि पत्ता टाइप करायचा. त्यात असे घोळ नाहीत. नोकरीही राहील."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "माझं चुकलं का, दीदी?"

"चुकलं असं नाही..."

"चुकलं असेल तर काढा. मी काही म्हणणार नाही. नसेल चुकलं तर हलवता कशाला?"

आवाज चढलेला नव्हता. रागही दिसत नव्हता. शिवणाच्या क्लासमध्ये एखादीला टाका उसवायला सांगावं, तितक्या साधेपणाने तिने विचारलं. मी बिस्किटाचा पुडा उघडत बसले. खूप वेळ लागला उघडायला. मला लाज वाटत होती, हे इथे सरळ लिहून टाकते.

संध्याकाळी मी अनिर्बाणला सगळं सांगितलं. त्याने डोकं हातात धरलं.

"दीदी, हे काम करणाऱ्या सगळ्या ऑफिसांत आपला नंबर वर आहे."

"हो. कारण सगळे माझी नक्कल करतायत."

"पण छान करतायत ना."

"अनिर्बाण."

"उद्या क्लाएंटच्या कॉलवर बोलू नका. नंतर बघू."

"मग रूपाचं?"

"नंतर बघू," तो पुन्हा म्हणाला. आमच्या ऑफिसात याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

शुक्रवारी कॉल सुरू झाला. क्लाएंटकडून हेलन नावाची बाई असते. आवाज मऊ, प्रश्न धारदार. अनिर्बाणने आलेख दाखवला. हेलन म्हणाली, वा. मग म्हणाली, आणखी काही? अनिर्बाण नाही म्हणणार एवढ्यात मी माइक चालू केला.

"बोल्डचा सगळा टॅग चुकलाय," मी म्हटलं. "उदाहरणं मी चुकीची दिली. एक व्यक्ती सोडून सगळ्यांनी माझी चूक जशीच्या तशी उतरवली आहे. त्या व्यक्तीचा स्कोअर सगळ्यात कमी आहे आणि आज मला तिला काढायचं आहे."

अनिर्बाण छताकडे बघत होता. छतावर काही नव्हतं.

"एखादा फोटो दाखवा," हेलन म्हणाली.

मी आल्पना दाखवली. "हे शांत नाही?" तिने विचारलं. मी दारातून रूपाला आत बोलावलं. ती आली, उभीच राहिली, आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत तीन वाक्यं बोलली. पेन्सिल नाही. पुसता येत नाही. सगळे बघतायत.

हेलनने फोटो मोठा केला. मग म्हणाली, "पुन्हा करा. सगळं."

पुढचे तीन शनिवार आम्ही ऑफिसात होतो. टीम माझ्याशी कामापुरतं बोलत होती. सौरभने तर मला पाण्याची बाटली पुढे करणंसुद्धा सोडलं होतं. आमचा आलेख असा खाली आला की अनिर्बाणने तो रंग बदलून बघितला, तरी तो खालीच होता. हेलनला मात्र त्याचं काही वाटलं नाही. तिच्या मते माणसं खरोखर विचार करायला लागली की आधी जुळत नाहीत. माझ्या अप्रेझलमध्ये "घाई टाळावी" असा शेरा आला. तो बरोबर होता.

रूपाच्या नावापुढे मी खूण केली नाही. यादी तशीच परत दिली.

तिसऱ्या शनिवारी काम संपलं. मेट्रोपर्यंत आम्ही दोघी बरोबर चालत गेलो. एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

"रूपा, तुझा स्कोअर घसरतोय हे तुला दर सोमवारी दिसत होतं ना?"

"हो."

"चौथं पान बघून बाकीचे काय लिहितायत तेही कळत होतं. तसंच लिहायचंस. कुणाला कळलं असतं?"

"मला वाटलं, कुणीतरी येऊन विचारेल."

"आणि कुणी विचारलंच नसतं तर?"

"मग गेले असते घरी," ती म्हणाली, आणि पर्समधून मेट्रोचं कार्ड काढून पुढे झाली. तिला सियालदहहून सहाची लोकल गाठायची होती.

चार महिने मी तिच्यापासून सहा खुर्च्या लांब बसत होते. विचारायला उठले ते यादी हातात आल्यावर.

आता चौथ्या पानावर बोल्डखाली फक्त ती एक ओळ आहे. टीम रोज येते. "दीदी, एक तरी उदाहरण द्या ना." मी देत नाही. मागच्या आठवड्यात सौरभ एक फोटो घेऊन आला आणि म्हणाला, हा बोल्ड आहे असं मला वाटतं, पण का ते सांगता येत नाही. मी त्याला म्हटलं, खुर्ची घे, बस, आणि सांगून बघ.