ओल्या पोत्यातला प्रवासी

माझ्या दाजींइतका बिनडोक माणूस साऱ्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. मी त्यांचा सख्खा मेहुणा असल्यामुळे हे छातीठोकपणे सांगू शकतो. शेंद्र्याच्या कारखान्यात यंत्रे सांभाळणारा हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी खेकडे सांभाळत असे, आणि तेही शहरातल्या नव्या कॉलन्या टँकरकडे डोळे लावून बसल्या होत्या त्या दुष्काळात! गंगापूरकडच्या त्यांच्या गावातली विहीर आटली, मेंढरे विकली, तेव्हा दाजींचे वडील, आमचे आबा, दाजींच्या फ्लॅटवर राहायला आले आणि आबांची अन्नावरची वासनाच उडाली. ताईने काहीही रांधले तरी दोन घास खाऊन ताट सारायचे. एकदा तेवढे म्हणाले, "आपल्या गंगेचा खेकडा आसंल तर खाईन." गंगा म्हणजे त्यांच्या गावाकडची नदी. झाले! दाजींच्या अंगात आले.

मेलेला खेकडा खायचा नसतो, म्हणजे तो घरापर्यंत जिवंत यायला हवा. दाजींनी पहिल्या खेपेला झाकणाच्या बादलीत गळ्यापर्यंत पाणी भरून खेकडे आणले. ते सगळे वाटेतच गुदमरले. दुसऱ्या खेपेला बर्फ घातला, तर खेकडे गारठून मेले. "आता कोंबडी आणा," मी म्हणालो. "मेव्हणं, तुमाला नाय कळायचं," दाजी म्हणाले. मग त्यांना शोध लागला, की खेकड्याला वाटेत भरपूर पाणी नको, ओल हवी आणि हवा हवी. तेव्हापासून गोणपाटाचे ओले पोते, आत ओला पाला, आणि प्रवासी जीप थांबेल तिथे वरून पाण्याचा शिडकावा. असल्या विद्वत्तेला पगार मिळत नाही हे एक बरे आहे.

पुढच्या खेपेला मी दुर्दैवाने सोबत होतो. नदीत फक्त डबकी उरली होती, दिवसभर चिखल उपसून एकच खेकडा मिळाला. जीपमध्ये दाजींनी पोत्यावर बाटली उपडी करताच समोर बसलेल्या एक मावशी कडाडल्या, "आमी हंड्यासाठी रानोमाळ हिंडतो अन् ह्यो खेकड्याला आंघूळ घालतोय! लाज हाय का नाय?"

"मावशी, माझ्या वाटचं पाणी हाय. मी नाय पेलो," दाजी म्हणाले. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो.

खेकडा जिवंत पोचला. ताईने मसाला वाटायला घेतला. आबांनी पोत्यात डोकावून खेकड्याकडे पाहिले. मग म्हणाले, "गंगंला पाणी हाय का रं?"

"हाय की. लई हाय," दाजींनी बेधडक ठोकून दिले.

"मंग ह्याला हितं कशाला आणला? सोडून ये."

त्या रात्री आबांचे ताट तसेच उठले. एका थापेपायी सगळ्या खटाटोपावर पाणी पडले. दुसरा कोणी असता तर त्याने गुपचूप रस्सा केला असता. दाजींनी सकाळी पुन्हा पोते भिजवले आणि मलाही ओढून नेले. अर्ध्या वाटेत त्यांची बाटली संपली. ते कोरडे होत चाललेले पोते चाचपत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तेवढीच मायाही आली. मी माझी बाटली पोत्यावर ओतली.

पुलाखालच्या डबक्यात खेकडा तिरका तिरका उतरला आणि चिखलात शिरला. "आबा इचारतील," दाजी म्हणाले, "माझ्यावर इस्वास नाय त्यांचा. तुमी सांगा."

घरी आबा ताटावर बसले होते. त्यांनी खरोखर मलाच विचारले, "पाणी हाय का?"

"हाय," मी म्हणालो, "लई हाय."

आबांनी भाकरी मोडली.